तटावरचे फूल : शिवनेरीचा कडा, मुंबईचा गव्हर्नर आणि शिंदळ माकुडी

१/
युरोपातील जुन्या किल्ल्यांच्या पडक्या तटांवर वसंत ऋतूत पिवळ्या-केशरी फुलांचे झुबके दिसतात. इंग्रजीत त्या फुलाचे नावच ‘वॉलफ्लॉवर’, म्हणजे भिंतीवरचे फूल. चार पाकळ्यांचे हे फूल मोहरीच्या कुळातले. सह्याद्रीच्या किल्ल्यांनाही असेच एक फूल लाभले आहे. मात्र ते मोहरीच्या नव्हे, रुईच्या कुळातले आहे आणि वॉलफ्लॉवरइतके सहज दिसणारेही नाही. जगातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या बारा वनस्पतींमध्ये त्याची गणना झाली होती. त्याचे नाव शिंदळ माकुडी. किल्ले, कंपनी सरकार, कापूस आणि नामकरण या साऱ्यांशी जोडलेला हा इतिहास. #थ्रेड

२/
मोहरीचे कुळ हे मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशांचे. महाराष्ट्रात त्याची ओळख रानापेक्षा शेतात आणि स्वयंपाकघरात अधिक. वर्धा जिल्ह्यातील वडनेर, हिंगणघाटच्या काळ्या मातीपासून कोकणच्या लाल मातीपर्यंत मोहरी, मुळा, अळीव, कोबी ही या कुळातील मंडळी माणसाच्या हाताने पेरली गेली. दख्खनच्या रानात या कुळाच्या मूळच्या वनस्पती अगदी थोड्या. त्यामुळे युरोपात तटाच्या भेगांमध्ये जी जागा मोहरीच्या कुळाने घेतली, ती सह्याद्रीत वेगळ्याच कुळाच्या वाट्याला आली.

३/
शिंदळ माकुडी ही कड्यावरून लोंबणारी, मांसल खोडाची लहानशी वनस्पती. पावसाळ्यात तिला जाडसर हिरवी पाने येतात, कोरड्या दिवसांत ती गळून पडतात आणि खोडातील पाण्यावर ती उन्हाळा काढते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिला फुले येतात : पाच टोकांची, चांदणीच्या आकाराची, गडद तांबूस आणि त्यावर पिवळे ठिपके. फुलाचा वास माणसाला सुखावणारा नाही, पण माश्यांना तो हवाहवासा वाटतो. परागीभवनाचे काम याच माश्या करतात.

४/
वनस्पतिशास्त्रज्ञांना या वनस्पतीचे विशेष कुतूहल वाटले ते तिच्या पानांमुळे. तिचे जवळचे नातलग म्हणजे माकडशिंगासारख्या वनस्पती. त्यांच्यात नुसते मांसल, कंगोरेदार खोड दिसते, पाने जवळजवळ नसतातच. शिंदळ माकुडीला मात्र ठसठशीत पाने असतात. पानांचे झाड आणि पानांविना जगणारे झाड यांच्यामधला हा दुवा असावा, असे अनेकांना वाटले. पुढे याच प्रश्नामुळे तिचे शास्त्रीय नाव बदलले. तो भाग पुढे येईल.

५/
रुईच्या झाडावरून सुटून वाऱ्यावर तरंगणाऱ्या ‘म्हाताऱ्या’ मराठी मुलांच्या ओळखीच्या आहेत. रेशमी तंतूंचा झुबका लावलेले ते बी असते. शिंदळ माकुडीचे बीही तसेच उडते. कड्यावर राहणाऱ्या वनस्पतीला हा प्रवास फायद्याचा, कारण जिथे मुंगी, गुरे आणि माणूस पोचत नाही अशा भेगेत वारा ते बी नेऊन ठेवू शकतो. पण वाऱ्याला नेम नसतो. बहुतेक बिया उघड्या खडकावर किंवा पायथ्याच्या गवतात पडून वाया जातात.

६/
आता तिच्या राहण्याच्या जागा पाहाव्यात. पुणे जिल्ह्यातील शिवनेरी, जिथे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पुरंदरचा जोडकिल्ला वज्रगड, ज्याच्या पाडावानंतर १६६५ चा पुरंदरचा तह अटळ झाला. सातारा जिल्ह्यातील सज्जनगड, जिथे समर्थ रामदासांनी १६८२ मध्ये देह ठेवला. शिवाय महाबळेश्वरचा परिसर. मराठ्यांच्या इतिहासाची यादी वाचावी तशीच ही एका रानफुलाच्या पत्त्यांची यादी आहे.

७/
हा योगायोग नव्हे. किल्ल्यासाठी जागा निवडताना पाहिले जाई ते कडे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. पुढे झिजेने त्याचे पायऱ्यांसारखे डोंगर झाले : एक उभा कडा, मग उतार, मग पुन्हा कडा. शत्रूला चढता येणार नाही असा कडा गडकऱ्याला हवा होता. शेळीला चढता येणार नाही आणि वणवा पोचणार नाही असाच कडा या वनस्पतीला हवा होता. दोघांनी एकच जागा निवडली.

८/
गड आणि झाडी यांचे नाते मराठी राज्यकर्त्यांनी विचारपूर्वक ठरवले होते. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे. गडाभोवतीची दाट झाडी हे गडाचे संरक्षण आहे, ती वाढवावी, तोडू देऊ नये, असे त्यात बजावले आहे. त्याच ग्रंथात तटात रुजलेली झाडे वरचेवर काढण्याची आणि तटालगतचे गवत जाळून टाकण्याचीही सूचना आहे. म्हणजे घेऱ्यातले रान राखायचे आणि बांधकामात शिरणारे मूळ काढायचे. उभा नैसर्गिक कडा मात्र कोयता आणि आग या दोहोंच्याही पलीकडे राहिला.

९/
१८१८ मध्ये पेशवाई संपली. त्याच वर्षी शिवनेरी आणि जुन्नर परिसरातील इतर किल्ले इंग्रजांच्या हाती गेले. काही किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या पुन्हा उपयोगात येऊ नयेत म्हणून उद्ध्वस्त करण्यात आल्या. शिबंदी गेली, घेऱ्याची राखण संपली. लष्करी नकाशावरून किल्ल्यांचे महत्त्व उतरले आणि थोड्याच वर्षांत तिथे वेगळ्या हेतूची माणसे येऊ लागली. त्यांच्या हातात बंदुकीऐवजी वनस्पती दाबून वाळवण्याचे कागद होते.

१०/
त्यांतील एक अलेक्झांडर गिब्सन. जन्माने स्कॉटिश, पेशाने कंपनी सरकारचा डॉक्टर. १८३८ मध्ये तो पुण्याजवळच्या दापुरी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचा अधीक्षक झाला. जुन्नर भागातील हिवरे येथेही औषधी वनस्पतींची लागवड त्याच्या देखरेखीखाली होई. लष्करी रुग्णालयांना लागणारी औषधे युरोपातून मागवण्यापेक्षा इथेच पिकवावीत, हा त्यामागील हिशेब. साम्राज्याच्या खर्चाचा ताळेबंद आणि वनस्पतिशास्त्र हे त्या काळी एकाच टेबलावर मांडले जात.

११/
दापुरीच्या उद्यानात गिब्सनने वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. काढून घेणाऱ्याचे नाव सर्वांना ठाऊक, पण प्रत्यक्ष कुंचला चालवणाऱ्या चित्रकाराचे नाव नोंदलेले नाही. कोणाचे नाव टिकते आणि कोणाचे गळते, हा प्रश्न या साऱ्या कथेत पुन:पुन्हा समोर येतो.

१२/
१८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याच्यानंतर हे पद आले निकोल अलेक्झांडर डॅल्झेलकडे. तोही स्कॉटिशच. दोघांनी मिळून १८६१ मध्ये ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ मुंबईत छापून प्रसिद्ध केला. पश्चिम भारतातील वनस्पतींची शास्त्रीय वर्णने एकत्र देणारा तो महत्त्वाचा टप्पा. १८६३ मध्ये डॅल्झेलने जंगलांच्या प्रभावाविषयी एक पुस्तिकाही लिहिली. जंगलतोडीचे परिणाम हा विषय मुंबई सरकारच्या दप्तरात इतका जुना आहे.

१३/
‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध झाल्यावर काही वर्षांतच डॅल्झेलने जुन्नर परिसरातील एका अनोख्या वनस्पतीचे वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात दिले. साल १८६४-६५. ज्ञात असलेल्या कोणत्याही प्रजातीत ती बसत नाही, असे ठरवून त्याने तिच्यासाठी नवी प्रजातीच निर्माण केली. नाव ठेवले ‘फ्रेरिया इंडिका’. हे नाव होते मुंबईचा तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या सन्मानार्थ. आपल्या वरिष्ठाचे किंवा आश्रयदात्याचे नाव वनस्पतीला देण्याची ती सर्वमान्य रीत होती.

१४/
हा फ्रियर महाराष्ट्राला नवा नव्हता. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे निधन पावले, तेव्हा साताऱ्याचा रेसिडेंट तोच होता. दत्तकाचा हक्क नाकारून कंपनीने ते राज्य खालसा केले आणि त्यानंतरचा कारभारही काही काळ फ्रियरनेच पाहिला. म्हणजे सज्जनगडाच्या परिसरावर कंपनीच्या वतीने अंमल चालवणाऱ्या माणसाचे नाव पुढे सज्जनगडाच्या कड्यावरील फुलाला मिळाले.

१५/
१८६२ मध्ये फ्रियर मुंबईचा गव्हर्नर झाला, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. तिकडचा कापूस बंद पडल्याने लँकेशायरच्या गिरण्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. वऱ्हाड आणि वर्धेच्या खोऱ्यातील कापसाला सोन्याचा भाव आला. ‘हिंगणघाट’ हे तर कापसाच्या एका नामांकित जातीचेच नाव बनले. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला तोही १८६२ मध्येच. वडनेरच्या आसमंतातील काळ्या जमिनीत पिकणारे ते बोंड मुंबईच्या बाजारात पोचताना शहराचे रूप पालटून टाकत होते.

१६/
या पैशाच्या पुरात मुंबईला जुन्या कोटाच्या भिंती अडचणीच्या वाटू लागल्या. फ्रियरच्या कारकिर्दीत मुंबईच्या कोटाचे तट पाडण्यात आले, खंदक बुजवण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर आखले गेले. ‘फोर्ट’ हे नाव उरले, फोर्ट मात्र गेला. ज्या गव्हर्नरच्या काळात मुंबईचा तट जमीनदोस्त झाला, त्याच गव्हर्नरचे नाव त्याच सुमारास किल्ल्यांच्या कड्यांवर राहणाऱ्या वनस्पतीला दिले गेले.

१७/
मुंबईत फ्रियरच्या सन्मानार्थ आणखी एक गोष्ट उभी राहिली. कोटाच्या चर्चगेट दरवाजाच्या जागी एक कारंजे बसवण्यात आले. आरंभी त्याचे नाव होते ‘फ्रियर फाउंटन’. त्याच्या शिखरावर मूर्ती होती रोमन पुष्पदेवता फ्लोरा हिची. लोकांनी गव्हर्नरचे नाव सोडून दिले आणि देवतेचे उचलले. तेच ते फ्लोरा फाउंटन. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी तिथे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्या चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले.

१८/
वनस्पतीचे नावही स्थिर राहिले नाही. १९५८ मध्ये गॉर्डन राउली या अभ्यासकाने तिला ‘कॅरालुमा’ या प्रजातीत घेतले. पण ‘कॅरालुमा इंडिका’ हे नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीला दिलेले होते आणि एकाच नावाच्या दोन वनस्पती शास्त्रात चालत नाहीत. म्हणून तिचे नवे नाव झाले ‘कॅरालुमा फ्रेराय’. २००२ मध्ये तिला ‘बॉसेरोशिया’ या प्रजातीत नेण्यात आले. पाने असली तरी ती आपल्या पर्णहीन भारतीय नातलगांच्याच घरातली आहे, असे जनुकीय अभ्यासातून दिसले होते.

१९/
या फेरबदलातील गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. मूळ नावात ‘फ्रेरिया’ ही प्रजाती होती आणि ‘इंडिका’ ही ओळख होती. नव्या नावात ‘इंडिका’ गेले आणि फ्रियर राहिला. कारंज्यावरून जनतेने जे नाव पुसले, ते शास्त्रीय नामकरणाच्या नियमांनी टिकवून धरले. हे कोणाचे कारस्थान नव्हे. नावांच्या अग्रक्रमाचे नियम जगभर सारखे असतात आणि ते इतिहासाचा न्याय करण्यासाठी बनवलेले नसतात.

२०/
‘शिंदळ माकुडी’ किंवा ‘शिंदळ माकडी’ या नावाला मात्र ना तारीख आहे, ना लेखक. डॅल्झेलने वर्णन लिहिण्याआधीही जुन्नरच्या डोंगरात गुरे वळणारी, लाकूडफाटा आणणारी, कडे चढणारी माणसे होतीच. ‘शोध लागला’ असे म्हणताना त्याचा अर्थ ‘लंडनच्या नियतकालिकात नोंद झाली’ एवढाच घ्यावा. नोंद होणे महत्त्वाचे खरेच, कारण नोंदीशिवाय संरक्षण मिळत नाही. पण ओळख आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२१/
विसाव्या शतकात या वनस्पतीची गाठ धोक्याशी पडली. कड्याच्या कडेपर्यंत पोचणारी चराई, उन्हाळी वणवे, दरडी कोसळणे, संग्राहकांनी उपटून नेणे आणि एकमेकींपासून तुटलेल्या लहान लहान वस्त्या. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेने तिला सर्वाधिक संकटग्रस्त बारा वनस्पतींत स्थान दिले, तेव्हा ज्ञात ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती. पुढील सर्वेक्षणांत सह्याद्रीत आणखी काही ठिकाणे सापडली. संकट मात्र त्यामुळे संपले नाही.

२२/
याच वनस्पतीची दुसरी बाजू अशी की तिच्या खोडाचा तुकडा कुंडीत लावला तर तो सहज मुळे धरतो. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील निवडुंगप्रेमींच्या हरितगृहांत ती सुखाने नांदते आहे. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागासारख्या संस्थांनी आणि येथील संशोधकांनीही तिची रोपे वाढवली, मूळच्या प्रदेशात पुन्हा लावण्याचे प्रयत्न केले. मग काळजी कशाची, असा प्रश्न पडू शकतो. पण एका तुकड्यापासून वाढवलेल्या शंभर कुंड्या म्हणजे जनुकीय दृष्टीने एकच झाड. कड्यावरची माशी, वारा आणि बियांतून येणारे वैविध्य कुंडीत मिळत नाही.

२३/
असाच एक प्रसंग मोहरीच्या कुळातही घडला आहे. कॅलिफोर्नियातील अँटिऑक येथे नदीकाठी वाळूच्या टेकड्या होत्या. तिथे ‘कॉन्ट्रा कोस्टा वॉलफ्लॉवर’ हे मोहरीच्या कुळातील फूल उगवते, जगात अन्यत्र कुठेही नाही. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले आणि ते पुन्हा बांधताना लागणाऱ्या विटांसाठी याच टेकड्यांची वाळू उपसली गेली. शहर उभे राहिले, टेकड्या खचल्या. १९८० मध्ये उरलेल्या तुकड्याला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. धोक्यातील वनस्पती आणि कीटक यांच्यासाठी स्थापन झालेले ते त्या देशातील पहिले राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान.

२४/
दोन्ही कथांचा धागा एकच. फूल दुर्मिळ होते ते त्याची जागा दुर्मिळ होते म्हणून. अँटिऑकला वाळू गेली म्हणून फूल गेले असते. शिवनेरीला कडा टिकला म्हणून फूल टिकले. कुंडीत रोप वाचवणे हा उपाय तात्पुरता. अधिवास राखणे हा खरा उपाय. आज्ञापत्राच्या कर्त्याला ‘अधिवास’ हा शब्द ठाऊक नव्हता, पण घेऱ्याचे रान राखले नाही तर गड राहत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

२५/
आज हा विषय तातडीचा आहे. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांत शिवनेरी आहे. पर्यटक वाढतील, वाटा रुंदावतील, कठडे आणि दिवे येतील, दरडी रोखण्यासाठी कड्यांवर जाळ्या बसवण्याची मागणी होईल. यांतील अनेक गोष्टी आवश्यकही असतील. पण कड्याची सफाई करण्यापूर्वी त्या कड्यावर कोण राहते, हे विचारण्याची पद्धत अजून रुळलेली नाही.

२६/
दर रविवारी शेकडो तरुण गडसंवर्धनासाठी गडांवर जातात, टाक्यांतील गाळ काढतात, तटात रुजलेली वड-पिंपळाची रोपटी काढतात. हे काम मोलाचे आहे. तटाच्या सांध्यात शिरलेले पिंपळाचे मूळ दगड उचकटते, ते काढलेच पाहिजे. परंतु बांधीव तट आणि नैसर्गिक कडा यांत फरक करणे गरजेचे आहे. कड्यावर लोंबणारी, जाड पानांची, चांदणीसारख्या तांबूस फुलांची वनस्पती ही ‘झुडूप’ म्हणून साफ करण्याची गोष्ट नव्हे. मोहिमेपूर्वी जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाशी किंवा वन विभागाशी बोलणे एवढे साधे पाऊल पुरेसे ठरू शकते.

२७/
छायाचित्र जरूर घ्यावे. मात्र नेमकी जागा जाहीर करू नये आणि तुकडाही घरी नेऊ नये. किल्ल्याचा दगड खिशात घालणे जितके अयोग्य, तितकेच हेही. शिवनेरीला जाणारा प्रत्येक जण जन्मस्थानाच्या इमारतीपुढे नतमस्तक होतो. पावसाळा सरताना गेल्यास, वाटेत थांबून कड्याकडेही एकदा सुरक्षित अंतरावरून पाहावे. तिथे वरच्या भेगेत, वाऱ्याने आणून ठेवलेल्या बियांमधून उगवलेली ही तांबूस चांदणी गडाच्या वारशाचाच भाग आहे. (समाप्त)